कॅमेऱ्याचे वारस

गेल्या वैशाखांत आमच्या भाच्याच्या मुलाची मुंज झाली. कार्यालय, गुरुजी, आचारी हें सर्व ठरल्यावर फोटोग्राफरचा विषय निघाला, तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, आतां फोटोग्राफर कशाला हवा? येणाऱ्या दीडशें माणसांच्या खिशांत दीडशें कॅमेरे असणारच." त्यावर ताईनें, म्हणजे त्याच्या आईनें, बसल्या जागेवरून उत्तर दिलें, "दीडशें पाहुण्यांना स्वयंपाक येतो म्हणून आचारी सांगायचा राहत नाहीं." मंडळी हंसली आणि विषय तात्पुरता तहकूब झाला. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला अशी तहकुबी मानवत नाहीं. खिशांतला फोन कॅमेऱ्याची जागा घेऊं शकतो काय, हा प्रश्न भाच्याला खर्चाचा वाटला, ताईला रीतीचा वाटला. मला तो पुराव्याचा वाटतो. तो तसा कां वाटतो हें सांगण्यासाठीं वाचकांस थोडें मागें नेलें पाहिजे.

बाजाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्या वादाचा निकाल केव्हांच लागला आहे. जपानी कॅमेरा-कारखानदारांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ती संख्या ८० लाखांच्याही आंत आली. परंतु खप गेला म्हणून काम संपलें, असें अनुमान इतिहासांत फारसें टिकत नाहीं. कॅमेऱ्याच्या इतिहासांत तर तें अनेकदां खोटें ठरलें आहे.

छायाचित्रण जगापुढें आलें तें १८३९ सालीं, पॅरिस येथें, डागेर याच्या रुपेरी पत्र्यावर. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विद्येचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटींतील नामांकित हौशी छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर ह्या विद्येचा धंदाच मांडला. ह्या मंडळींस किती कष्ट पडत असतील ह्याची आज कल्पना येणें कठीण आहे. त्या वेळीं ओल्या कांचेची रीत होती. कांच स्वच्छ पुसावयाची, तिच्यावर कोलोडियनचा पातळ थर पसरावयाचा, अंधाऱ्या खोलींत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि थर सुकण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत जाऊन तें धुऊन प्रकट करावयाचें. हें सर्व कांहीं मिनिटांचें काम, आणि आपल्याकडील उन्हांत तीं मिनिटेंही कमीच पडावयाचीं. घराबाहेर चित्र घ्यावयाचें तर अंधाऱ्या खोलीचा तंबूही बरोबर न्यावा लागे. त्या काळचा छायाचित्रकार म्हणजे अर्धा रसायनशास्त्री आणि अर्धा हमाल! परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कांच पुसण्यापासून कागदावर चित्र उतरेपर्यंतचा प्रत्येक निर्णय त्याचा स्वतःचा असे. चित्र काळें पडलें तर दोष त्याचा, उजळलें तर यश त्याचें.

पुढें कोरड्या कांचा आल्या आणि तंबू गेला. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅकची पेटी काढली. तींत शंभर चित्रांची गुंडाळी आधींच भरलेली असे. ती संपली कीं पेटीच कारखान्याकडे पाठवावयाची, व तेथून चित्रें छापून आणि पेटींत नवी गुंडाळी भरून परत यावयाची. १९०० सालीं त्याच कंपनीची ब्राउनी एका डॉलरला मिळूं लागली. कळ दाबणें एवढेंच काम मालकाकडे उरलें. धुण्याचें, छापण्याचें व त्यांतील तारतम्याचें काम कारखान्यांतील अनोळखी माणसांकडे गेलें. यंत्र सोपें झालें म्हणजे श्रम नाहींसे होतात असें आपण समजतों. वस्तुतः ते दुसऱ्याच्या हातीं जातात, आणि श्रमाबरोबर निर्णयही जातो. माझ्या सर्व म्हणण्याचें मूळ येथें आहे.

बरें, ह्या स्वस्त पेट्यांनीं धंदेवाईक फोटोग्राफर बुडाला काय? मुळींच नाहीं. लाला दीनदयाळ यांनीं मुंबईंत आपला स्टुडिओ उघडला तो १८९६ सालीं, म्हणजे कोडॅक निघाल्यावर आठ वर्षांनीं. त्याच वर्षीं जुलैच्या ७ तारखेस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. तीं पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे होते. हे गृहस्थ मूळचे स्थिर चित्रांचे फोटोग्राफर. त्यांनीं विलायतेहून हलत्या चित्रांचा कॅमेरा मागविला, १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ सालीं केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशीं परतले त्यांचें स्वागतही टिपलें. नवें यंत्र आलें म्हणून त्यांनीं रडगाणें गाइलें नाहीं.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट तर अधिक मौजेची आहे. १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणल्यावर, भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, आणि महिन्याहून अधिक काळ दररोज एक याप्रमाणें त्याचीं चित्रें घेतलीं. मिनिटभरांत अंकुर फुटून वेल चढतांना लोकांस दिसला. ती फिल्म म्हणजेच 'अंकुराची वाढ'. आज माझ्या भाच्याचा मुलगा गच्चीवर फोन टेकवून हेंच करतो, आणि फोन स्वतःच अंतर ठरवून चित्रें घेतो. मुलाचें कौतुक मी करतों. फरक मात्र मनांत राहतो. दिवसाला एक चित्र पुरे, हा हिशेब फाळक्यांनीं स्वतः वाटाण्याकडे पाहून केला होता.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ सालीं कोडॅकच्याच प्रयोगशाळेंत झाला, व त्याच कंपनीस २०१२ सालीं दिवाळखोरींत जावें लागलें, ही नियतीची थट्टा सर्वांस ठाऊक आहे. चित्र काढून लगेच पाठविणारा फोन जपानांत २००० सालीं विक्रीस आला. त्याच्या चित्रांत एक लाखाच्या थोडे वर ठिपके असत. आज ते कोटींनीं मोजतात.

ह्या फोननें आपल्यावर जो उपकार केला आहे तो आधीं मान्य केला पाहिजे. आमच्या आजोबांचें बिऱ्हाड नारायण पेठेंत होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही गेलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें, तेव्हां घरांतला आल्बम चिखलांत गेला. आजीचा जो एकच फोटो आज आमच्याकडे आहे, तो साताऱ्यास आत्याच्या भिंतीवर होता म्हणून वांचला. त्यांत आजोबा खुर्चीवर बसलेले आणि आजी शेजारीं उभी. दोघांच्याही चेहऱ्यावर आपण कांहीं गुन्हा केल्याचा भाव! उभ्या संसारांत आजीचे फोटो निघाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आडावर, चुलीपुढें, तुळशीपाशीं ती कशी दिसे हें कोणी टिपलें नाहीं, कारण कॅमेरा स्वयंपाकघरांत यावयाचा नव्हता. माणसानेंच नीटनेटकें होऊन कॅमेऱ्याकडे जावयाचें होतें. ताईचे पुरणपोळी लाटतांनाचे मात्र शंभर फोटो आज घरांत आहेत. घरगुती जीवनाचा इतका साक्षीदार इतिहासांत पूर्वीं कधींच नव्हता, आणि ह्या कामांत फोननें कॅमेऱ्याची जागा घेतली आहे हें मी निःशंकपणें सांगतों.

परंतु जागा घेतली ती कोठपर्यंत? प्रकाशाचें शास्त्र कोणाच्या भिडेस पडत नाहीं. चांगल्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारी चकती ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. भारी फोनांतही मुख्य चकती साधारण ७० ते १२० चौरस मिलिमीटरांची. जेथें प्रकाश थोडा तेथें लहान ओंजळींत थोडेंच पाणी मावणार. हिंवाळ्यांत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणास, रोहित पक्षी उतरतात. तेथें पहांटे नावांत बसून हातभर लांबीचीं भिंगें रोखणारे लोक दिसतात, ते कांहीं हौसेनें ओझें वाहत नाहींत. दूरच्या पक्ष्याचें पीस न् पीस दिसावयाचें तर मोठ्या व्यासाचें भिंग पाहिजे, आणि तें सदऱ्याच्या खिशांत मावत नाहीं.

ही उणीव फोनवाल्यांनीं कशी भरून काढली हें पाहण्याजोगें आहे. फोन एका क्षणीं एक चित्र घेत नाहीं. झपाट्यानें अनेक घेतो, तीं एकमेकांवर बसवितो, अंधार उजळतो, आकाश निळें करतो, कातडी गुळगुळीत करतो, आणि ह्या सर्वांचें सार आपल्या हातीं ठेवतो. २०२३ च्या मार्चमध्यें एका जिज्ञासूनें चंद्राचें चित्र मुद्दाम पुसट करून पडद्यावर लावलें व दुरून सॅमसंगच्या फोननें टिपलें. फोननें त्या पुसट गोळ्यावर नसलेलीं विवरें काढून दाखविलीं. चंद्र ओळखूं आला कीं त्याचा तपशील खुलविण्याची योजना फोनांत आहे, असा कंपनीचाही खुलासा होता. चंद्राचें कांहीं बिघडलें नाहीं. पण ही वृत्ति पाहून मला अजिंठा आठवतो.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं कंपनी सरकारनें १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्यानें वर्षानुवर्षें अंधाऱ्या लेण्यांत बसून रंगीत नकला केल्या, पुढें कॅमेराही हातीं घेतला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुन्हां नकला केल्या. १८८५ च्या आगींत त्यांचाही मोठा भाग गेला. ह्याच ग्रिफिथ्स साहेबांनीं रंग अधिक स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फिरविलें. चित्रें त्या वेळीं उजळलीं खरीं. पुढें तें व्हार्निश पिंवळें पडून त्यानें कायमची हानि केली. हेतु वाईट नव्हता. डोळ्याला बरें दिसावें एवढाच होता.

कोणी म्हणेल, फोन मूळ वस्तूस थोडाच हात लावतो? खरें आहे; पण उद्यां मूळ वस्तु नाहींशी झाली म्हणजे फोटो हेंच मूळ ठरतें. माझाच अनुभव सांगतों. एका दप्तरांत मीं मोडीचे कांहीं जुने कागद फोननें टिपले. सोय म्हणून कागद स्वच्छ दाखविणारी योजना चालू ठेवली. घरीं येऊन वाचूं लागलों तों एका ओळींत अर्थ लागेना. पुन्हां जाऊन मूळ कागद पाहिला, तेव्हां तेथें फिक्या शाईचा बारीक फराटा निघाला. तो डाग समजून फोननें पुसून टाकला होता. मोडींत अक्षराचें वळण एवढ्याशा फराट्यावर बदलतें, हें त्या लिपीशीं झटापट केलेल्यांस सांगावयास नको. स्वतंत्र कॅमेरा चकतीवर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद, फारसा हात न लावतां, जपून ठेवूं शकतो; जुन्या कांचेच्या निगेटिव्हची ती आजची वारस. महाग फोनांतही अशी नोंद मागून घेतां येते. पण मागतो कोण?

आणि राखण्याचा प्रश्न आहेच. जुनें तेवढें सुरक्षित, असें मी म्हणत नाहीं. प्रभातच्या जागेंत उभ्या राहिलेल्या संस्थेच्या आवारांत, आपल्याच पुण्यांत, ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत जुन्या चित्रपटांचीं कितीतरी मूळ रिळें गेलीं. परंतु रीळ जाण्यास आग लागावी लागते. फोनांतील चित्रें जाण्यास श्रावणाची एक सर पुरते. माझ्या आईच्या शेवटच्या तीन वर्षांचे हजारांवर फोटो माझ्या फोनांत होते. फोनांत पाणी गेलें, दुसरी प्रत ठेवण्याची शिस्त मला नव्हती, आणि ते सर्व गेले. आज भिंतीवर आई आहे ती तिच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशींची, फोटोग्राफरनें काढलेली. कारण त्यानें ती कागदावर छापून, चौकटींत बसवून, घरीं आणून दिली होती. त्या फोटोंत ती हंसत नाहीं. हंसतांनाचे सगळे फोनांत होते.

मुंजीस अखेर फोटोग्राफर आला. ताईपुढें भाच्याचें चाललें नाहीं. मातृभोजनाच्या वेळीं दीडशांतले निदान चाळीस फोन बटूच्या भोंवतीं उभे राहिल्यामुळें त्या गृहस्थास पुढें सरकावयास जागा मिळेना, तेव्हां त्यानें शेजारच्या स्टुलावर चढून काम भागविलें. सायंकाळीं सर्व आटोपल्यावर त्यानें आपला जड कॅमेरा पिशवींत घातला, खिशांतून फोन काढला, आणि बटूला आजीच्या मांडीवर बसवून एक फोटो घेऊन तेथल्या तेथें सर्वांस पाठवून दिला. नंतर मला बाजूला घेऊन विचारलें, "सर, मोठ्या आकाराच्या प्रती किती काढूं?" मीं बारा सांगितल्या, एक साताऱ्यास पाठवावयाची आहे.