पाचशे प्रती, नऊ आणे
स्वतःच्या पुस्तकाचा वाचक स्वतः शोधणाऱ्या लेखकांची दीडशे वर्षे

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचे नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला चालला होता. त्यानिमित्त 'पुणे वैभव' या पत्राने समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला ताराबाईंनी दिलेले हे सडेतोड उत्तर होते. पुस्तकावर टीका झाली, आणि ती सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक छापल्याचे आढळत नाही आणि हे पुस्तकही लोकांच्या नजरेआड गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले. मधे ९३ वर्षे गेली होती.

आज स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारा मराठी लेखक फेसबुकवर मुखपृष्ठ टाकतो, व्हॉट्सॲपच्या गटांवर किंमत कळवतो आणि आठवडाभराने विचारतो, "पुस्तक विकायचे तरी कसे?" त्याला हा प्रश्न समाजमाध्यमांनी नव्याने उभा केला असे वाटते. पण छापणे आणि पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपल्याकडे छापखान्याइतकाच जुना आहे. ज्यांनी तो वेळीच गिरवला त्यांची साधने काय होती, हे पाहिले तर आजच्या साधनांचाही अदमास येतो.

यादी आधी, पुस्तक नंतर

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखकापुढे दोन दारे होती. एक सरकारचे. दक्षिणा प्राइज कमिटी चांगल्या ग्रंथांना बक्षीस देई, शिक्षणखाते प्रती विकत घेई. हे दार सगळ्यांना उघडे नव्हते. १८५५ मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे दिले, ते नाकारले गेले आणि पुढे जवळपास सव्वाशे वर्षे हस्तलिखितातच राहिले.

दुसरे दार वर्गणीचे. लेखक पुस्तक छापण्याआधीच जाहिरात काढी, ओळखीपाळखीच्या गावांत पत्रे धाडी, अमुक इतक्या प्रती घेऊ अशी कबुली देणाऱ्यांची नावे गोळा करी आणि मग छापखान्याची पायरी चढे. त्या काळातल्या अनेक पुस्तकांच्या आरंभी किंवा अखेरीस आश्रयदात्यांची नामावळी छापलेली दिसते. मामलेदार, शिरस्तेदार, शाळामास्तर, एखादा संस्थानिक, अशी ती नावे असत. आज आपण ती पाने न वाचताच उलटतो. लेखकाच्या दृष्टीने मात्र ती पुस्तकातली सर्वांत महाग पाने होती, कारण कागदाचे पैसे तिथून आलेले असत. शिवाय ज्याचे नाव छापले गेले तो माणूस पुस्तक चार जणांना दाखवल्याशिवाय राहत नसे. त्यातून होणारी जाहिरात फुकट होती आणि खात्रीची होती.

या पद्धतीचे सर्वांत मोठे रूप म्हणजे श्री. व्यं. केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश'. एवढा पसारा एकट्याच्या खिशातून उभा राहणार नाही हे ओळखून केतकरांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकले आणि वर्गणीदार मिळवले. १९२० ते १९२७ या काळात खंड बाहेर आले. पुढे त्यांनी या खटाटोपाचा इतिहासही लिहिला. विद्वान माणसाने दारोदार जावे का, या शंकेला त्यांनी कृतीने उत्तर दिले होते.

छापण्याआधी ऐकवणे

फुल्यांना संस्थानिकांच्या आणि शिरस्तेदारांच्या यादीवर फारसे विसंबता येत नव्हते. त्यांचा वाचक शेतकरी होता आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. पण तो लिहीत असतानाच त्यातले भाग ते लोकांना वाचून दाखवत होते. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वांगणी अशा ठिकाणी असे वाचन झाल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'ने सुरुवातीचे दोन भाग छापले आणि पुढचे छापले नाहीत. संपूर्ण 'असूड' पुस्तकरूपाने पाहणे फुल्यांच्या नशिबी नव्हते. तरीही हा ग्रंथ हरवला नाही. त्याचे एक कारण असे, की पुस्तक होण्याआधीच तो अनेक गावांच्या कानांवरून गेला होता. 'स्त्री-पुरुष तुलना' छापली गेली आणि विस्मरणात गेली, 'असूड' अर्धामुर्धा छापला गेला आणि टिकला. ताराबाईंच्या लेखणीत धार कमी नव्हती. पण एकोणिसाव्या शतकातल्या बाईला गावोगाव सभा भरवून वाचन करता येणे शक्य नव्हते, आणि फुल्यांमागे होती तशी माणसांची साखळी त्यांच्यामागे नव्हती. माध्यम सर्वांना सारखे खुले असते असे म्हणताना हा फरक विसरता कामा नये.

ठरल्या दिवशी येणारा लेखक

वाचक जोडण्याची तिसरी रीत नियतकालिकाची. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ च्या जानेवारीत 'निबंधमाला' घेऊन आले, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिक बव्हंशी एकहाती लिहिलेले, आणि १८८१ पर्यंत ८४ अंक. एक माणूस दरमहा एका विषयावर आपल्याशी बोलतो आहे, ही सवय त्यांनी वाचकाला लावली. पुढे त्यांनी किताबखाना आणि चित्रशाळाही उभी केली, म्हणजे लिहिणे, छापणे आणि विकणे या तिन्ही टोकांवर हात ठेवला.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः दिली. यमूचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी घरोघर आठवडाभर वाट पाहिली जाई. कादंबरी पुस्तक म्हणून आली तेव्हा तिचा वाचक आधीच तयार होता. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढून याच सवयीला सणाची जोड दिली. तुम्ही आत्ता हातात धरलेला अंक त्याच झाडाची फांदी आहे.

याला टपालखात्याचीही साथ होती. १८७७ मध्ये व्ही. पी. पद्धत सुरू झाली आणि दूरच्या खेड्यातल्या वाचकाला पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पुस्तक घेता येऊ लागले. पुण्यात दुकान नसलेल्या लेखकाला तिने महाराष्ट्रभर दुकान दिले. आज घरबसल्या मोबाइलवरून पैसे पाठवून मागवलेले पुस्तक तिसऱ्या दिवशी दारात येते, त्याची आजी म्हणजे ही व्ही. पी.

गळा, मैदान आणि सायक्लोस्टाइल

विसाव्या शतकात लेखक पुन्हा लोकांसमोर उभा राहिला. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळातले यशवंत, गिरीश हे कवी आपल्या कविता गाऊन दाखवू लागले. काव्यगायनावर टीका झाली, टिंगलही झाली. पण कविता ऐकून घरी निघालेला माणूस संग्रह विकत घेतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हेच काम कितीतरी मोठ्या मैदानावर केले. गाणे आधी वस्तीत पोचे, गीतांची पुस्तिका मागाहून. या परंपरेचे आजचे रूप पाहायचे असेल तर ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरात दीक्षाभूमीच्या परिसरात जावे. सतरंजीवर, लाकडी फळीवर पुस्तके मांडलेली असतात आणि त्यांतल्या काहींमागे खुद्द लेखकच बसलेला असतो. इथे विक्रेता, प्रकाशक आणि लेखक यांच्या सीमारेषा पुसलेल्या असतात. ग्राहक पुस्तक चाळतो, दोन प्रश्न विचारतो, उत्तर पटले तर पिशवीत टाकतो.

साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांनी दुसरा मार्ग धरला. त्याआधीच अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढले होते. पुढे अशोक शहाण्यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू' अशी कितीतरी नावे आली. प्रती थोड्या, पण नेमक्या हातांत जाणाऱ्या. १९७६ मध्ये कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव पटेल या चौघांनी मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस' हे कवींचे सहकारी प्रकाशन काढले. 'जेजुरी' हे त्याच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक, आणि विक्रीची भिस्त आगाऊ वर्गणी व टपालावर. शंभर वर्षांपूर्वीची नामावळी वेगळ्या वेशात परतली होती. त्याच सुमारास सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने तिला वाचक चळवळ हे नाव दिले, आणि त्या बळावर 'बलुतं' व 'उपरा' यांसारखी आत्मकथने घराघरांत गेली.

पडद्यावरची नामावळी

संगणकाच्या पडद्यावर मराठी माणूस जमू लागला तो आधी परदेशात. १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेल्या 'मायबोली'वर लिहिणारे आणि वाचणारे एकाच ओट्यावर बसत. नंतर फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब आले, आणि प्रत्येक लेखकाच्या हाती छापखाना व दवंडी दोन्ही आले.

ज्यांना या साधनांनी खरोखर वाचक दिला त्यांची पद्धत तपासली, तर जुन्याच वाटा सापडतात. अमेरिकेतला अँडी वीअर 'द मार्शियन' आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने देत होता. वाचक त्यातल्या शास्त्रीय चुका दाखवत, तो दुरुस्त करी. वाचकांनीच मागणी केली म्हणून २०११ मध्ये त्याने ते किंडलवर ठेवले. हरिभाऊंना ही रीत ओळखीची वाटली असती. कॅनडातल्या रूपी कौरने आधी कविता समाजमाध्यमांवर वाचकांपुढे ठेवल्या आणि २०१४ मध्ये संग्रह स्वतः काढला. हे रविकिरणचेच गणित. आपल्या मुंबईच्या अमीश त्रिपाठींना अनेक प्रकाशकांनी नकार दिला होता. २०१० मध्ये 'मेलुहा' येण्याआधी त्यांनी पहिले प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटले आणि यूट्यूबवर पुस्तकाची चित्रफीत टाकली. आधी चव, मग ताट.

तिघांमध्ये एक गोष्ट समान आहे. पुस्तकाची घोषणा हा त्यांच्या संवादाचा प्रारंभ नव्हता. वाचकाशी बोलणे आधीपासून सुरू होते. आपल्याकडे बहुतेकदा उलट होते. लेखक वर्षभर गप्प असतो आणि प्रकाशनाच्या आठवड्यात एकदम वीस गटांवर तीच जाहिरात पाठवतो. लोक ती वाचत नाहीत, कारण ती कोणालाही उद्देशून नसते. नामावळीतल्या शाळामास्तराला आलेले पत्र त्याच्या नावाचे होते.

दोन बाबतींत मात्र आजचा लेखक पूर्वसूरींपेक्षा दुबळा आहे. पहिली म्हणजे यादीची मालकी. केतकरांच्या वर्गणीदारांची वही केतकरांच्या कचेरीत होती. आजच्या लेखकाचे पाच हजार अनुयायी एका परदेशी कंपनीच्या दप्तरात असतात, आणि त्यांतल्या कितींना काय दिसावे हे तीच ठरवते. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अफवा रोखण्यासाठी ते आवश्यकच होते, पण दवंडीचा दोर कोणाच्या हातात आहे तेही त्यातून कळले. म्हणून पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि संपर्क त्याच्या संमतीने स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवणे, हे जुन्या पद्धतीचे काम आजही सर्वांत मोलाचे आहे. पुढच्या पुस्तकाची पहिली शंभर पत्रे त्या वहीतूनच निघतात.

दुसरी गोष्ट नावाची. कविता गटागटांतून फिरते तेव्हा कवीचे नाव बहुधा पहिल्याच वळणावर गळते, किंवा तिच्याखाली कुसुमाग्रज नाहीतर पु. ल. चिकटतात. संतकवी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा गुंफत असत. आजच्या कवीने निदान चित्रात नाव कोरून, किंवा स्वतःच्या आवाजात कविता म्हणून ती पाठवावी. आवाजावरचे नाव सहज खोडता येत नाही.

शेवटी पुन्हा ताराबाई. त्यांच्याकडे आज मोबाइल असता तर काय झाले असते? पुस्तक एका रात्रीत हजारोंपर्यंत गेले असते, आणि शिव्याही तितक्याच वेगाने आल्या असत्या. त्या शिव्यांपुढे लेखिका टिकली असती की नाही, हे हजारोंच्या आकड्यावर ठरले नसते. पहिल्याच दिवशी जाहीरपणे तिच्या बाजूने बोलणारी पन्नास माणसे आहेत की नाहीत, यावर ठरले असते. फुल्यांचा आवाज उठला, पण तोवर तीन वर्षे गेली होती आणि तो जवळजवळ एकटा होता.

म्हणून या इतिहासातून लेखकाने शिकायचे आहेच, पण थोडे वाचकानेही शिकावे. नामावळीत नाव देणारा तो शिरस्तेदार पुस्तकाचा नुसता गिऱ्हाईक नव्हता, जामीन होता. या दिवाळीत कुणा अनोळखी लेखकाने स्वतः काढलेले पुस्तक हाती आले आणि आवडले, तर आपल्या नावानिशी दोन ओळी चार जणांना लिहाव्यात. पाचशे प्रती ९३ वर्षे अंधारात राहण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आहे.