शेखी

शाळेंत शिकवीत असतां एका बढाईखोर मुलास मी एकदां म्हणालों, ‘‘पुरे झाली तुझी शेखी!’’ वर्ग हंसला; परंतु मागच्या बांकावरील शेख आडनांवाच्या मुलानें मान खालीं घातली. त्या दिवशीं घरीं येऊन मी कोश उघडला.

‘शेख’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ वृद्ध, वडीलधारा. त्यावरून टोळीचा नायक, धर्मोपदेशक. त्यास फारशींतील भाववाचक ‘ई’ लागून ‘शेखी’ झाली, म्हणजे शेखपण. पुढें नसत्या मोठेपणाची मिरवणूक एवढाच अर्थ उरला. आमच्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, असले शब्द परके नव्हेत. मलिक अहमदानें १४९० सालीं निजामशाही स्थापिली, १४९४ सालीं हें शहर वसविलें, आणि १६३६ पर्यंत ती शाही टिकली. त्या काळीं फारशीच्या सहवासांत मराठीनें कितीतरी शब्द उचलले व त्यांचे अर्थही बदलले. ‘दिमाख’ म्हणजे मुळांत मेंदू, ‘मिजास’ म्हणजे मुळांत प्रकृति. आपण मात्र दोहोंना ऐटीच्या पंक्तीस बसविलें.

इंग्रजींतही असेंच घडलें आहे. तेथें बढाईखोरास ‘रोडोमाँट’ व त्याच्या वल्गनांना ‘रोडोमोंटेड’ म्हणत. हें मूळचें एका इटालियन काव्यपात्राचें नांव. कवि बोयार्दोनें तें पात्र निर्मिलें व आरिओस्तोनें १५१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यांत तें रंगविलें. नांवाचा अर्थ ‘डोंगर लोटणारा’ असा लावितात. काव्यांतील हा मूर राजा खरोखरीच शूर आहे, शेवटपर्यंत लढून मरतो; परंतु लोकांनीं त्याचें शौर्य विसरून तोंडाळपणा तेवढा लक्षांत ठेविला.

नांव एकाचें आणि दोष सर्वांचा, हा भाषेचा जुना अन्याय होय. त्यावरचा उतारा आमच्याच जिल्ह्यांत आहे. श्रीगोंद्यास १७ व्या शतकांतील संतकवि शेख महंमद यांची समाधि आहे. हिंदु व मुसलमान दोघेही तेथें नतमस्तक होतात. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ म्हणजे अहंकारादि शत्रूंशीं अंतरांत चाललेल्या युद्धाचें वर्णन. ज्या शेखानें गर्वाशीं झुंज घेतली, त्याच्याच पदवीवरून आपण गर्वास नांव दिलें!

दुसऱ्या दिवशीं मी हें सर्व वर्गांत सांगितलें आणि त्या मुलाची क्षमा मागितली. रुळलेला शब्द भाषेंतून काढून टाकतां येत नाहीं. परंतु तो उच्चारण्यापूर्वीं समोर कोण बसला आहे, इतकें तरी पाहतां येतें.