सोडतीला आडनाव दिसत नाही

बदलापूरहून लोकलने कल्याणकडे निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागतं. हे शहर सरकारी घरवाटपातूनच उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकी दिल्या गेल्या आणि ऑगस्ट १९४९ मध्ये ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. एकेका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये पोत्याचा नाहीतर चादरीचा आडोसा. खासगीपणा तेवढाच.

तुम्ही कोण, कुठून आलात, हीच त्या वाटपातली पात्रता होती. उखडलेल्या माणसांसाठी ते रास्तच होतं. पण त्याच काळाची दुसरी बाजू आहे. १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्याने पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची घरं सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि इथेच राहिलेल्या काहींनाही ‘आम्ही गेलो नाही’ हे सिद्ध करावं लागलं. ओळखीनेच कुणाला छप्पर मिळालं, ओळखीनेच कुणाचं छप्पर संशयात आलं.

हे आठवायचं कारण घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी बदलापुरात भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरलं. नाव सांगितल्यावर एजंट म्हणाला, "मालकांना विचारून कळवतो." अजून कळवतोच आहे.

मग म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज भरला. १९७७ मध्ये सुरू झालेल्या म्हाडाच्या घरांत उत्पन्न गट आहेत, अनुसूचित जाती-जमातींपासून पत्रकार आणि आमदार-खासदारांपर्यंत राखीव वाटे आहेत. धर्माचा रकाना मात्र पात्रतेत नाही. हजच्या कुर्ऱ्यात नाव टाकलेल्या आपल्या लोकांना ही पद्धत नवी नाही. नंबर लागला तर नशीब, नाही लागला तर कुणाबद्दल तक्रार नाही.

आणि हे थोडंथोडकं नाही. एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात मान्य केलं. सोडतीतून भरलेल्या इमारतीत शेजारी कोण हवा, हे निवडण्याची सोयच नसते.

पण या आंधळ्या यंत्रापुढे आपण सगळं उघडं करतो. आधार, पॅन, अधिवास, नवरा-बायकोचं उत्पन्न. आणि निकालाला विजेत्यांची नावं प्रवर्गासह जाहीर होतात. माझा नंबर लागला नव्हता, तरी ती यादी मी शेवटपर्यंत वाचली. एकाच इमारतीत शेख, गायकवाड, पाटील. बरं वाटलं. मग मनात आलं, जे मी वाचलं ते कुणीही वाचू शकतं. यंत्राने न पाहिलेलं आडनाव आणि जात आता साऱ्या गावापुढे आहे.

नावं लपवावीत असं मी म्हणणार नाही. ज्याचं आधीच घर आहे त्याला घर लागलं, तर ते ओळखणारा बहुधा शेजारीच असतो आणि त्याला हरकत घेता आली पाहिजे. पण त्यासाठी ठरावीक मुदत पुरे. ती संपली की नावं उतरवावीत, अर्ज क्रमांक ठेवावेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलेलं आहे.

उल्हासनगरच्या बराकीत माणसांना पोत्याचा आडोसा तरी होता. आपल्या कागदांनाही तेवढा मिळावा.