वनस्पतितेलावर चालणारीं लहान इंजिनें आणि सरकारी नियमन
(पिशोर, तालुका कन्नड, या स्थळाच्या अनुषंगानें)

सनदा, महजर आणि निवाडपत्रें यांच्या शोधांत असलेल्या संशोधकास एखाद्या दफ्तरांत विहिरीवरच्या इंजिनाची पावती सांपडली, तर ती तो बहुधा बाजूस ठेवतो. तथापि राज्यसत्ता एखाद्या वस्तूस कोणत्या नांवानें ओळखते आणि त्या नांवामुळें प्रजेच्या व्यवहारावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वतनांच्या इतिहासांत जितका महत्त्वाचा, तितकाच या पावतीच्या बाबतींतही आहे. एका जागीं बसविलेलें आणि वनस्पतींच्या तेलावरही चालूं शकणारें लहान डिझेल इंजिन हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सरकारनें नियम केले ते तेलाच्या नांवावर आणि इंजिनास जोडलेल्या यंत्रावर. शेतकऱ्याचें इंजिन व त्यांत त्यानें ओतलेलें घाण्याचें तेल हीं दोन्ही या नांवांच्या मधल्या फटींत राहिलीं.

स्थळ म्हणून पिशोर निवडण्यास कारण आहे. कन्नड तालुक्यांतील हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कन्नडकडून औट्रम घाट उतरला कीं चाळीसगांव लागतें. तें पूर्व खानदेश जिल्ह्यांत, म्हणजे मुंबई इलाख्यांत होतें. त्यामुळें एकाच जातीचें इंजिन घाटाखालीं इंग्रजी हिंदुस्थानच्या कायद्याच्या कक्षेंत येई, तर घाटावर तो कायदा आपल्या बळानें लागू होत नसे. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. एका पिढीच्या हयातींत येथील शेतकऱ्यानें तीन राज्यव्यवस्था पाहिल्या. विषयाच्या दृष्टीनें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

प्रथम वाफेच्या यंत्राचा विचार करूं. बाष्पपात्र फुटून माणसें मरत, म्हणून बंगालमध्यें १८६४ सालींच त्याच्या तपासणीचा कायदा झाला. १९२३ च्या अखिल भारतीय कायद्यानें, पांच गॅलनांहून अधिक धारणेचें व दाबाखालीं वाफ निर्माण करणारें प्रत्येक बंद पात्र नोंदणीस व वार्षिक तपासणीस पात्र ठरविलें. हा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२५ मध्यें त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. डिझेल इंजिनांत बाष्पपात्रच नसतें. हवा अतिशय दाबली कीं ती तापते आणि तींत फवारलेलें तेल ठिणगीवांचून पेट घेतें, एवढेंच त्याचें तत्त्व. म्हणून वाफेच्या यंत्रामागें असलेला तपासनीस या इंजिनामागें आला नाहीं.

कारखान्यांच्या कायद्याचेंही तसेंच. १९४८ च्या कायद्यांत पाणी उपसणें ही क्रियासुद्धां उत्पादनक्रिया मानली होती. परंतु यांत्रिक शक्ति वापरणाऱ्या जागेस कारखाना ठरण्यास दहा कामगार लागत. विहिरीवर एक माणूस हॅण्डल मारून इंजिन सुरू करतो व दुसरा पाटावर पाणी वळवितो. तेव्हां हा कायदा विहिरीच्या कांठापर्यंत पोहोंचत नसे.

वनस्पतितेल हें या इंजिनास मागाहून सुचलेलें इंधन नव्हे. रुडोल्फ डिझेल याचें यंत्र आउग्सबुर्ग येथें १८९७ मध्यें यशस्वी झालें, आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत ऑटो कंपनीचें एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. फ्रेंच सरकारची दृष्टि आपल्या आफ्रिकेंतील वसाहतींकडे होती. जेथें दगडी कोळसा व खनिज तेल नाहीं तेथें पिकाच्या तेलावर शक्ति मिळावी, हा हेतु. इंजिनांत कांहींही फेरफार न करितां तें भुईमुगाच्या तेलावर चाललें, असें डिझेलनें स्वतः पुढें सांगितलें आहे.

महाराष्ट्रांत हीं इंजिनें प्रथम विलायतेहून आलीं. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं १९२२ मध्यें कारखाना काढला होता. तेथें १९३० नंतरच्या दशकांत देशी बनावटीचें डिझेल इंजिन तयार झालें. हेच कूपर १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्यें निघाली. त्यानंतर मोटेचा जोड सुटून विहिरीवर इंजिन बसणें ही गोष्ट गांवोगांवीं दिसूं लागली, आणि कालांतरानें वीज आल्यावर इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यांत गेलें.

महायुद्धाच्या काळांत खनिज तेलाची टंचाई झाली, तेव्हां देशी वनस्पतितेलांवर डिझेल इंजिनें चालविण्याचे प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनीं केले व त्यांचा वृत्तान्त १९४२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या वृत्तान्ताच्या लेखकांपैकीं एक, लालचंद वर्मन, हे पुढें १९४७ मध्यें स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक झाले. तथापि वनस्पतितेलापासून केलेल्या डिझेल-इंधनाचें भारतीय मानक निघण्यास २००५ साल उजाडलें. मधल्या काळांत खनिज तेल पुन्हा सुलभ झालें होतें, आणि गरज सरतांच प्रयोगाचें फलित दफ्तरांत राहिलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यांत ‘पेट्रोलियम’ शब्दाची व्याख्या अशी आहे कीं, कोणतेंही द्रवरूप हायड्रोकार्बन, आणि असें हायड्रोकार्बन ज्यांत आहे असें कोणतेंही ज्वालाग्राही मिश्रण, तें पेट्रोलियम. करंज, मोह, जवस किंवा सरकी यांचें तेल रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हायड्रोकार्बन नव्हे. त्यांत प्राणवायूचा अंश असतो. अर्थात् शुद्ध करंजतेल पेट्रोलियम नाहीं. मात्र त्यांत थोडें डिझेल मिसळलें कीं, तेंच मिश्रण शब्दशः व्याख्येंत शिरतें. गंमत अशी कीं, घट्ट तेल पातळ करण्यासाठीं डिझेल मिसळणें हाच शेतकऱ्याचा सर्वांत सोपा उपाय. वनस्पतितेल डिझेलच्या सुमारें दहापट घट्ट असतें. त्यामुळें त्याचा फवारा नीट उडत नाहीं, नोझलवर काजळी धरते आणि वंगणाचें तेल बिघडतें. सावकाश फिरणाऱ्या जुन्या इंजिनास तें सोसतें. तरी सुरुवात डिझेलवर करून इंजिन तापल्यावर मग तेल सोडणें, किंवा मिश्रण करणें, हें इष्ट ठरतें.

मिश्रण व्याख्येंत शिरलें तरी शेतकऱ्यास लगेच परवाना लागे असें नाहीं. ७६ अंश फॅरनहाइटच्या आंत ज्याची वाफ पेट घेते तें मूळच्या कायद्यांत धोक्याचें पेट्रोलियम मानलें होतें. धोक्याचें नसलेलें तेल एका जागीं ५०० गॅलनांपर्यंत, आणि कोणतेंही भांडें २०० गॅलनांहून मोठें नसल्यास, परवान्यावांचून ठेवतां येई. १९७० च्या दुरुस्तीनें अ, ब, क असे वर्ग झाले आणि ब वर्गाची मर्यादा २५०० लिटर ठरली. डिझेल सामान्यतः या वर्गांत येतें. ९३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानास पेटणाऱ्या तेलास हीं बंधनें लागत नाहींत, आणि वनस्पतितेलाचा हा अंक २०० च्याही वर असतो. यावरून असें दिसतें कीं, कायद्याचा कटाक्ष आगीच्या भयावर होता. इंजिनांत काय जळतें याचें त्यास कर्तव्य नव्हतें.

वनस्पतितेलास सरकारनें अगदींच मोकळें सोडलें होतें असेंही नाहीं. परंतु त्याकडे पाहण्याची दृष्टि निराळी होती. मोहाचें उदाहरण घ्या. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां मुंबई सरकारनें १८९२ मध्यें मोहाच्या फुलांविषयीं स्वतंत्र कायदा केला, कारण फुलांपासून दारू होते. त्याच झाडाच्या बियांपासून निघणारें तेल त्या कायद्याच्या हेतूबाहेर होतें. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्यें पॉवर अल्कोहोलचा कायदा आला. मळीपासून केलेला मद्यार्क पेट्रोलमध्यें मिसळण्यासंबंधीं तो होता, आणि २००० मध्यें तो रद्द झाला. तोही पेट्रोलच्या गाडीपुरता. डिझेल इंजिनाशीं त्याचा संबंध नव्हता. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यांत खाद्य तेलबिया व तेलें यांची एक नोंद आहे आणि पेट्रोलियम व त्याचे पदार्थ यांची दुसरी. भुईमूग व करडई पहिल्या नोंदींत बसतात, डिझेल दुसरींत. कडू करंजतेल, जें खातां येत नाहीं आणि खनिजही नव्हे, तें दोहोंतही बसत नाहीं.

इंजिनाकडे सरकारची नजर गेली ती मोजणीसाठीं. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक पशुगणनांत नांगर व गाड्या यांच्याबरोबर पाणी उपसणारीं तेलइंजिनेंही मोजण्यांत येत. जिल्हावार आंकडे त्यामुळेंच उपलब्ध आहेत. पुढें भारतीय मानक संस्थेनें शेतीच्या डिझेल इंजिनांसाठीं १९८५ मध्यें मानक क्रमांक १११७० प्रसिद्ध केलें. धुराचा व आवाजाचा प्रश्न आला तो २००२ नंतर. पर्यावरण संरक्षण नियमांखालीं ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या डिझेल जनित्रांस धुराच्या मर्यादा लागल्या, आवाजास एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा ठरली. २०२२ मध्यें धुराचे नियम अधिक कडक होऊन १ जुलै २०२३ पासून अमलांत आले. परंतु हे नियम शब्दशः ‘जनित्रा’चे आहेत. तेंच इंजिन वीजजनित्रास जोडलें तर नियमांत, पंपास जोडलें तर नियमांबाहेर.

जैवइंधनाचें धोरण आलें तेव्हांही हीच गोष्ट घडली. २००५ मध्यें शुद्ध बायोडिझेलचें मानक क्रमांक १५६०७ निघालें. त्याच वर्षीं खरेदीचें धोरण जाहीर होऊन १ जानेवारी २००६ पासून वीस केंद्रांवर लिटरला २५ रुपये भाव ठरला. २००९ च्या राष्ट्रीय धोरणांत २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट होतें. तें साधलें नाहीं, आणि २०१८ च्या धोरणांत बायोडिझेलपुरतें २०३० पर्यंत पांच टक्के असें तें खालीं आलें. हें मानक मद्यार्काशीं संयोग करून पातळ केलेल्या तेलाचें आहे. घाण्यावरून थेट आणलेलें तेल त्यांत बसत नाहीं. २०१९ च्या विक्रीविषयक मार्गदर्शक सूचना तर नांवानेंच वाहतुकीच्या डिझेलांत मिसळण्याच्या बायोडिझेलसाठीं आहेत. अशा रीतीनें, ज्या लहान स्थिर इंजिनावर वनस्पतितेलाचा पहिला प्रयोग पॅरिसमध्यें झाला, त्याचेंच नांव या सूचनांच्या मथळ्यांत नाहीं.

याउलट अमेरिकेंत २००६ पासून स्थिर डिझेल इंजिनासच धुराचे नियम लागले. इंजिन कोणतें तेल जाळतें यापेक्षां तें प्रमाणित आहे कीं नाहीं, हा तेथें पहिला प्रश्न. राजकोटकडे होणाऱ्या, जुन्या विलायती लिस्टर इंजिनाच्या नकलांची तेथील हौशी लोकांस आवड होती. प्रमाणपत्राच्या अटीपुढें त्यांची वाट बंद झाली. म्हणजे एका देशांत नियमाचा हात इंजिनावर पडला, दुसऱ्यांत तेलावर.

नियम नाहीं ही स्वतंत्रताच नव्हे काय, असा आक्षेप येईल. कांहीं अंशीं तो खरा आहे. स्वतःच्या बांधावरील करंजाचें तेल स्वतःच्या इंजिनांत जाळणारास कोणी अडविलें नाहीं. कारवार जिल्ह्यांतील दांडेली येथें २००१ च्या सुमारास एका धातुकारखान्यानें आपलीं डिझेल जनित्रें करंजतेलावर चालविलीं, तीही याच मोकळिकेंत. पण या मोकळिकेची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या तेलास मानक नाहीं त्याची प्रत विक्रेत्यास विचारतां येत नाहीं. ज्या वापराचें नांव नियमांत नाहीं त्यास सरकारी भावाचा आधार मिळत नाहीं. कारखानदारास तज्ज्ञ नेमतां आला. कन्नड तालुक्यांतील एका विहिरीच्या धन्यास नोझल काजळल्याचा खर्च स्वतःच सोसणें भाग होतें. राज्यानें ज्यास नांव दिलें नाहीं त्यास बंधनही नाहीं आणि आश्रयही नाहीं, हा जुन्या वतनपत्रांचा अनुभव येथेंही लागू पडतो.

या इतिहासाचीं साधनें सरकारी दफ्तरांत फारशीं मिळणार नाहींत, कारण जें नियमिलें गेलें नाहीं त्याची मिसल तयार होत नाहीं. तीं घरोघरीं आहेत: तगाईच्या कर्जाचे कागद, इंजिनाबरोबर आलेलें छापील पुस्तक, इंजिनावरील अश्वशक्ति व फेरे सांगणारी पितळी पट्टी, तेलाच्या दुकानाच्या पावत्या, घाण्याचे हिशेब. कन्नडकडील १९४८ पूर्वींचे कागद उर्दूंत व फसली सनाचे असण्याचा संभव धरावा. निजामी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरांत सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविल्यास वर्षारंभाचा इसवी सन येतो आणि जानेवारीपासून पुढें ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. पट्टीवरील क्रमांक व पावतीवरील मिति यांचा मेळ घातला, तर इंजिन केव्हां आलें आणि कोणत्या वर्षीं त्यांत कोणतें तेल पडलें हें ठरवितां येईल. जुनें इंजिन भंगारांत जातांना पितळी पट्टी आधीं वितळते आणि पुस्तक रद्दींत जातें. पोथ्या व फर्मानें यांच्याबरोबर असले कागदही संग्राहकांनीं उतरून ठेवावे, आणि प्रत्येकावर गांव, घर व सन यांची नोंद करावी.