नळींतील रक्त आणि कागदावरील रेघ

नगर शहरांतून पुण्याच्या वाटेस लागलें कीं केडगांव येतें. रेणुकादेवीच्या देवळामुळें हें नांव जिल्ह्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. एके काळीं वेशीबाहेरचें असलेलें हें गांव आतां शहराच्या महानगरपालिकेंत सामावलें आहे. तथापि घरांची रांग संपली कीं शेत सुरू होतें. आणि जेथें धान्य आहे तेथें उंदीर, जेथें उंदीर तेथें घोणस, हा क्रम महानगरपालिकेच्या ठरावानें बदलत नाहीं. रात्रीं पिकाला पाणी धरावयास गेलेल्या माणसाचा पाय अंधारांत तिच्यावर पडतो आणि तिचा तो कुकरच्या शिटीसारखा फूत्कार त्याला फार उशिरां ऐकूं येतो.

अशा माणसाला दवाखान्यांत आणल्यावर डॉक्टरांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, विष अंगांत भिनलें आहे कीं नाहीं? सापानें दांत रोवला म्हणजे प्रत्येक वेळीं विष उतरतेंच असें नव्हे. उलट, प्रतिविष हें घोड्याच्या रक्तापासून तयार होतें आणि तें कित्येकांना सोसत नाहीं; केव्हां केव्हां त्याच्यामुळेंच प्राणावर बेततें. विनाकारण द्यावें तर हा धोका, आणि वाट पाहावी तर विष आपलें काम करीत असतें. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें, म्हणजे वर्षाकाठीं सरासरी ५८ हजार, दगावलीं असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांच्या बाबतींत हाच प्रश्न कोणीतरी कोठेंतरी स्वतःला विचारला असेल.

या प्रश्नाचें उत्तर रक्तच देतें, आणि तें डोळ्यांनीं वाचतां येतें. शिरेंतून दोन मिलिलिटर रक्त काढून तें स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घालावयाचें, नळी उभी ठेवावयाची आणि वीस मिनिटें तिला हात लावावयाचा नाहीं. मग ती एकदांच, फक्त एकदांच, तिरपी करावयाची. रक्ताचा गोळा तळाशीं धरून राहिला तर ठीक. रक्त पाण्यासारखें वाहूं लागलें तर विषानें गोठण्याची सामग्री फस्त केली, हें निश्चित. ना यंत्र, ना वीज.

रक्त नळींत घालून तें गोठण्यास किती वेळ लागतो हें पाहण्याची पद्धत रॉजर ली आणि पॉल व्हाइट या अमेरिकन डॉक्टरांनीं १९१३ सालीं रूढ केली. तिला वीस मिनिटांच्या एकाच प्रश्नाचें रूप आलें तें आफ्रिकेंत. उत्तर नायजेरियांत डेव्हिड वॉरेल आणि त्यांचे सहकारी फुरशाच्या जातीच्या सापांनीं चावलेल्या रोग्यांवर उपचार करीत होते. त्यांनीं १९७७ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढें जागतिक आरोग्य संघटनेनेंही ही परीक्षा मान्य केली. फुरसें म्हटलें कीं कोंकणच्या माणसाला रत्नागिरी आठवणार. तेथें १८६२ च्या डिसेंबरांत सरकारनें फुरशांवर इनाम लावलें, तेव्हां आठ-दहा दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशीं मारलीं गेलीं! इनामानें फुरशीं मात्र संपलीं नाहींत.

घोणशीचा आणि रक्तविद्येचा संबंध तर याहूनही जुना व विलक्षण आहे. पॅट्रिक रसेल यानें १७९६ मध्यें हिंदुस्थानांतील सर्पांवर आपला सचित्र ग्रंथ छापला. घोणशीला इंग्रजींत त्याचेंच नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेंत, जी पुढें १९२५ मध्यें हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊं लागली, जॉर्ज लँब या अधिकाऱ्यानें घोणशीच्या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो याचे प्रयोग केले. विष रक्ताला गोठवितें कीं पातळ करतें, हा त्या काळचा मोठा पेंच होता. कारण दोन्ही गोष्टी दिसत. खरें असें कीं विष आधीं रक्ताला अकालीं गोठावयास लावतें आणि त्यांतच गोठण्याचें सारें द्रव्य खर्चीं पडून उरलेलें रक्त न गोठणारें बनतें. उधळ्या वारसानें चार दिवस दिवाळी करावी आणि पांचव्या दिवशीं घरांत दाणा नसावा, तसाच हा प्रकार.

विषाच्या याच गुणाचा उपयोग लंडनच्या रॉबर्ट मॅकफार्लेन यांनीं करून घेतला. तेथील प्राणिसंग्रहालयांतील सर्पविभागाचे बर्गेस बार्नेट यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९३४ मध्यें असें दाखविलें कीं, अतिशय पातळ केलेलें घोणशीचें विष हिमोफिलिया झालेल्या रोग्याच्या वाहत्या जखमेवर लावलें असतां तेथील रक्त गोठतें. आजही रक्ताच्या एका विशेष तपासणींत हेंच विष प्रयोगशाळेच्या बाटलींत असतें. याच मॅकफार्लेन यांनीं १९६४ मध्यें रक्तांतील निरनिराळे घटक एकामागून एक कसे जागे होतात, याची पायऱ्यापायऱ्यांची आकृती मांडली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीं स्वतंत्रपणें तसेंच चित्र काढून त्याला धबधब्याची उपमा दिली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें तें पाठ केलें नाहीं असें होत नाहीं; पाठ केलेलें किती दिवस टिकतें, हा प्रश्न निराळा!

शहरांतील घरांना रक्त गोठण्याची तपासणी माहीत असते ती आंकड्याच्या रूपानें. आर्मंड क्विक यांनीं १९३५ मध्यें शोधलेल्या परीक्षेचा निकाल १९८३ पासून सर्व देशांत एकाच मापानें सांगण्याची सोय झाली, आणि ‘आयएनआर किती आला?’ हा प्रश्न हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या वडीलधाऱ्यांच्या घरीं नित्याचा झाला. आंकडा सोयीचा खरा. पण गोठण्यास आरंभ केव्हां झाला एवढेंच तो सांगतो. गोळा बांधला गेला तो घट्ट कीं पोचट, टिकला कीं विरघळला, याची वार्ता त्यांत नसते.

ती वार्ता कागदावर उमटविण्याची युक्ति हेल्मुट हार्टर्ट या जर्मन वैद्यानें १९४८ सालीं हायडेलबर्ग येथें काढली. लहानशा पेल्यांत थोडें रक्त घ्यावयाचें, त्यांत बारीक तारेला टांगलेली एक कांडी सोडावयाची आणि पेला डावी-उजवीकडे पांच अंशांहूनही कमी असा संथपणें हेलकावत ठेवावयाचा. रक्त पातळ आहे तोंवर कांडी स्थिर राहते. गोठूं लागलें कीं पेल्याच्या हेलकाव्याबरोबर कांडीही हलूं लागते. गोळा जितका घट्ट, तितका तिचा झोका मोठा. तारेवरील चिमुकल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश सरकत्या फिल्मवर पडून ही हालचाल टिपली जाई.

जें चित्र उमटतें तें एकदां पाहिलें कीं विसरत नाहीं. प्रथम एकच सरळ रेघ. मग तिला दोन फांटे फुटून ते चिमट्यासारखे उघडत जातात आणि पुढें समांतर चालतात. ही निरोगी रक्ताची सही. फांटे फुटावयास उशीर लागला तर आरंभींच्या घटकांची वाण आहे; चिमटा अरुंदच राहिला तर गोळ्यांत बळ नाहीं; आणि उघडून पुन्हां मिटला, मासोळीच्या शेपटीकडील अंगासारखा निमुळता होत गेला, तर झालेला गोळा विरघळत आहे. अनेक वर्षें हें यंत्र बहुतेक प्रयोगशाळेंतच राहिलें. पिट्सबर्ग येथें यकृतरोपणाच्या शस्त्रक्रियांत रोग्याला कोणतें रक्तद्रव्य द्यावें हें या रेघांवरून ठरवूं लागले. त्यासंबंधींचा निबंध १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि मग मोठमोठ्या रुग्णालयांत तिला मानाचें स्थान मिळालें.

परंतु रेघ वाचावयालाही अक्षरओळख लागते. नव्या यंत्रांवर एकाच वेळीं चार-चार चिमटे आणि भोंवतीं आंकड्यांची गर्दी असते. मध्यरात्रीं शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीं उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरानें तें कोडें क्षणांत सोडवावें, ही अपेक्षा मोठी आहे. म्हणून झुरिच येथील डॉक्टरांनीं २०२० मध्यें एक निराळाच मार्ग सुचविला. यंत्राचे आंकडे संगणकाला देऊन त्यानें रक्ताच्या गोळ्याचें हलतें चित्रच पडद्यावर काढावें आणि त्यांत जें कमी आहे तें ठळकपणें निराळें दिसावें. हें चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांचे निर्णय अधिक अचूक आणि अधिक लवकर झाले. मात्र ही परीक्षा कल्पित रोग्यांवरची होती, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय चित्र काढणारा जें निवडतो तेंच पाहणाऱ्याला दिसतें; म्हणून मूळ रेघ वाचण्याची विद्या सोडून देणें शहाणपणाचें ठरणार नाहीं.

आणि साध्या नळीचें तरी काय? श्रीलंकेंत २०१३ मध्यें असें आढळलें कीं नित्याच्या कामांत ही परीक्षा घोणशीनें चावलेल्या कित्येक रोग्यांचें बिघडलेलें रक्त ओळखूं शकली नाहीं. पुढें २०१७ मध्यें तेथेंच, शिकविलेल्या माणसांनीं ती नियमानें केली, तेव्हां तिनें फार चांगलें काम दिलें. दोष डोळ्यांचा नव्हता, शिस्तीचा होता. नळी कांचेचीच हवी, कारण कांचेचा स्पर्श रक्ताला गोठण्याची चालना देतो. प्लास्टिकच्या नळींत निरोगी रक्तही रेंगाळतें. साबणानें धुतलेली नळीही फसविते. मध्येंच कुतूहलानें नळी हलवून पाहिली, तरी निकाल बिघडतो. वीस मिनिटें घड्याळावर मोजावीं लागतात, अंदाजानें नव्हे.

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनी यांनीं २००२ मध्यें पश्चिम महाराष्ट्रांतील सर्पदंशांचा आढावा प्रसिद्ध केला, तो मोठ्या शहरांतील यंत्रांच्या जोरावर नव्हे, तर तालुक्याच्या गांवीं खाटेशीं बसून. अशा दवाखान्यांत हार्टर्टची रेघ अद्याप दुर्मिळ आहे. नळी मात्र खिडकीशीं उभी असते. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनीं पुन्हां रक्त काढतात आणि पुन्हां वीस मिनिटें थांबतात. एवढा अवधि यासाठीं कीं, विष निकामी झालें तरी गोठण्याचें द्रव्य यकृताला नव्यानें तयार करावें लागतें. या खेपेस गोळा धरला तर प्रतिविषाची पुढची मात्रा राखून ठेवतात. न धरला तर ती देतात आणि पुढच्या सहा तासांची वेळ रोग्याच्या कागदावर लिहून ठेवतात.