दबा

इंग्रजीतील 'इन्सिडियस' हे विशेषण आज विशेषेकरून डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येते. ताप नाही, वेदना नाही, आणि तरीही आतल्या आत देह पोखरीत जाणाऱ्या व्याधीला ते हे नाव देतात. परंतु शब्दाचे मूळ रणातले आहे. लॅटिनमधील 'इन्सिदिए' म्हणजे शत्रूच्या वाटेवर धरलेला दबा. त्यातील 'सेदेरे', म्हणजे बसणे, हा आपल्या 'सद्' धातूचा सहोदर. सदन, संसद, परिषद ही त्या धातूची प्रतिष्ठित अपत्ये. पण धातुपाठ त्याचे अर्थ सांगताना विशरण आणि अवसादन, म्हणजे झिजणे आणि खचणे, हेही सांगतो, आणि विषाद त्याच घराण्यातला. मराठीने फारसीतून दगा घेतला खरा, तथापि दगा देणाऱ्याशी आधी विश्वासाचे नाते असावे लागते. दब्याला तेवढीही ओळख लागत नाही.

असा दबा पाहायचा तर पुसदला जावे. 1905 साली वाशीम जिल्हा मोडला तेव्हा यवतमाळास जोडला गेलेला पुसद तालुका हा डोंगरांचा, रानांचा आणि कापसाचा मुलूख. याच रानात 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून जंगलचा कायदा मोडला, तो दिवसाढवळ्या, चारचौघांदेखत; त्यात दबा मुळीच नव्हता. दबा धरला तो कापसाच्या बोंडात.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने 1843 साली केले, तेही भडोचच्या कापसावरून. म्हणजे वैरी घरचाच. फुलाच्या पाकळ्या आतून बांधून ती डोमकळी करते. बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजून जाते, आणि बाहेरून हिरवेगार, भरलेले दिसणारे बोंड फोडावे तेव्हा आत कवडी, म्हणजे किडकी, डागाळलेली रुई, निघते. 2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी वाणांनी तिचा बंदोबस्त झाला असे सर्वांनी धरले; तिने मात्र पिढ्यांमागून पिढ्या त्या वाणांतले विष पचविण्याची सवय करून घेतली आणि 2017 च्या हंगामात विदर्भाचे कापसाचे शिवार नासविले. त्याच हंगामात डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत फवारणी करताना अंगावर आणि श्वासात गेलेल्या विषाने यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवाऱ्याचे विष माणसापर्यंत पोहोचले, बोंडातल्या अळीपर्यंत ते क्वचितच पोहोचते.

म्हणून जाणते लोक फरदड, म्हणजे हंगामापुढे लांबविलेले पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, असे सांगतात. कारण हंगाम सरला तरी अळी जात नाही, दोन सरक्या एकत्र बांधून त्यांच्या पोकळीत पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहत बसून राहते.