धोतरावरचा कोट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी सुशिक्षितांनी कोट आणि सदरा स्वीकारला, धोतर मात्र सोडले नाही. हे साहेबाचे अर्धवट अनुकरण होते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. नुसतेच अनुकरण असते, तर आधी पगडी जाऊन हॅट आली असती. रानडे आणि गोखले यांची छायाचित्रे पाहा: अंगात कोट, डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे. पाटलोण परवडत नव्हती म्हणावे, तर १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या रानड्यांना हे कारण लागू पडत नाही.

खरे कारण कपड्याच्या घडणीत आहे. निऱ्या आणि कासोटा कमरेशी खोचलेला असताना सदरा आत खोचणे अवघड. म्हणून तो बाहेर सोडला आणि कोटाने झाकला. पाटावर जेवणाऱ्या, बैठकीवर मांडी घालणाऱ्या माणसाला धोतर सोयीचे होते. कोटाने मात्र खिसे दिले, आणि कनवटीला बांधायचे पैसे तिकडे गेले. बायकांनी नऊवारीवर पोलके घातले तेही असेच निवडून, आणि तो निर्णय अधिक धीराचा होता.